चालू मोटारीवर मोजा

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात येणारा माणूस दारातूनच निदान सांगत आत शिरतो. "मागच्या मिस्त्रीनं तांबं हलकं घातलं." "कंपनीनंच माल खराब दिलाय." "लाइट डाऊन हाय सगळी, मोटारीचा काय दोष?" आमचा तासगावचा भाग द्राक्षबागांचा. विहिरी आणि बोअर भरपूर, पाणी खोल, त्यामुळं उन्हाळा लागला की दुकानापुढं मोटारींची रांग लागते. प्रत्येक मोटारीबरोबर एक गोष्ट येते आणि त्या गोष्टीत दोषी आधीच ठरलेला असतो. मी ऐकून घेतो, चहा सांगतो आणि मीटर काढतो.

मीटरवर मला दोनच आकडे हवे असतात: व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स मिळतो, दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात. करंटचा वर्ग करून त्याला रेझिस्टन्सनं गुणलं, तर तारेत किती उष्णता होतेय ते कळतं. एवढंच गणित. आठवीतलं पोरगंही करेल. तरी या सोप्या गणितावर माझी उमेदीची अख्खी वर्षं गेली. कारण भागाकार कधी चुकत नाही, चुकतो तो आत घातलेला आकडा. व्होल्ट कुठल्या टोकाला मोजले, करंट मोजला तेव्हा मोटार भारावर होती की मोकळी, तार थंड होती की तापलेली, हे ज्यानं बघितलं नाही त्याचं उत्तर वहीत बरोबर येतं आणि शेतात मोटार जळते.

आयटीआयला वायरमनच्या वर्गात ओहमचा नियम शिकलो तेव्हा टेबलावर बॅटरी, ऱ्हिओस्टॅट, अॅमीटर आणि व्होल्टमीटर असायचे. ऱ्हिओस्टॅटचा घोडा सरकवायचा, दोन्ही काट्यांचे आकडे वहीत लिहायचे, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. ठिपके जोडले की सरळ रेघ. सर म्हणायचे, "झालं सिद्ध." मग त्यांनी ऱ्हिओस्टॅटच्या पलीकडच्या तारेच्या जागी गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावला. आता रेघ वाकली. व्होल्टेज दुप्पट केलं तरी करंट दुप्पट होईना. वर्गात कुजबुज सुरू झाली, ओहम खोटा का काय. सर हसले आणि म्हणाले, "नियम लिहिणाऱ्यानं तार गार ठेवली होती. तुम्ही पेटवली."

ते वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं. ओहमबद्दल नंतर वाचलं तेव्हा त्याचा अर्थ आणखी उलगडला. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर, कोलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याच्या काळच्या बॅटऱ्या अशा, की तार जोडली की जोर उतरायला लागायचा. आकडा लिहीपर्यंत आकडा बदललेला. आमच्या शेतातल्या लाइनीसारखीच तऱ्हा. शेवटी 1826 च्या सुमारास त्यानं बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांब्याचा सांधा करून एक टोक उकळत्या पाण्यात ठेवलं, दुसरं बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ दोन्हींचं तापमान ठरलेलं, म्हणून त्यातून निघणारा विजेचा दाब स्थिर. त्या स्थिर दाबावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्यानं नियम काढला आणि 1827 साली पुस्तक छापलं. त्याच्याच देशात सुरुवातीला कुणी फारशी दखल घेतली नाही. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ले पदक दिलं. मला त्या पदकापेक्षा उकळत्या पाण्याचं आणि बर्फाचं मोल जास्त वाटतं. भागाकार करायला बसण्याआधी त्यानं दाब स्थिर केला होता.

दुकानात नवीन पोरगं शिकायला आलं की मी पहिल्यांदा त्याच्या हातात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब देतो. हे बल्ब आता सहज मिळत नाहीत, पण सिरीज बोर्डासाठी मी जपून ठेवलेत. म्हणतो, मल्टिमीटरनं रेझिस्टन्स बघ. चाळीस ओहमच्या आसपास येतो. आता 230 ला 40 नं भाग. पावणेसहा अँपिअर. मग वॅट किती? तेराशेच्या वर. पोरगं बल्बावरचा शंभराचा शिक्का बघतं, मीटर बघतं आणि माझ्याकडं बघतं. मग बल्ब लावायचा आणि क्लॅम्प मीटरनं करंट घ्यायचा: साधारण 0.43 अँपिअर. म्हणजे पेटलेल्या फिलॅमेंटचा रेझिस्टन्स 529 ओहमच्या घरात. टंगस्टनची तीच तार, पण अडीच हजार अंशांच्या आसपास तापली की रेझिस्टन्स बारा-तेरा पटीनं वाढतो. जुने बल्ब बटण दाबताक्षणीच का उडायचे, त्याचंही उत्तर यात आहे. गार तारेत पहिल्या क्षणी पाच-सहा अँपिअर घुसायचे.

गीझरची कॉइल याच्या उलट. ती नायक्रोमची असते आणि तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही. म्हणून दोन हजार वॅटच्या गीझरची कॉइल टेबलावर मोजली तर साडेसव्वीस ओहमच्या आसपासच भरते. 230 चा वर्ग भागिले 2000 केलं तरी तेच येतं. इथं वहीतलं गणित आणि मीटर एकमेकांना मान देतात.

थंडीत गीझर घेऊन येणारी माणसं दोन तक्रारी करतात. एक, गीझर म्हातारा झाला, पाणी तापायला वेळ लावतो. दोन, त्यामुळं बिल वाढलं. कॉइल मोजून मी सांगतो की गीझर तरणाताठा आहे, दाब कमी आहे. सकाळी सगळ्या गल्लीचे गीझर एकदम लागले आणि घरात 180 व्होल्टच पोचले, तर साडेसव्वीस ओहमच्या कॉइलला साधारण 1225 वॅटच मिळतात. व्होल्टेज घटलं पाचव्या हिश्श्यानं, वॅट मात्र चाळीस टक्क्यांच्या जवळपास गेले, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला पुऱ्या दाबाला सोळा मिनिटं पुरतात, उतरलेल्या दाबाला पंचवीस-सव्वीस लागतात. पण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, म्हणजे दोन्ही वेळी खर्च साधारण अर्धा युनिट. वेळ वाढला, बिल वाढलं नाही. हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. दुरुस्त करण्यासारखं काहीतरी निघायला हवं होतं, असा चेहरा करून गीझर परत नेतं.

गीझरवर हात बसलेलं पोरगं मोटारीकडं वळतं तेव्हा पहिला फटका तिथं बसतो. एक एचपीची सिंगल फेज मोटार, मेन वाइंडिंगचा रेझिस्टन्स तीन ओहम. पोरगं लगेच भागाकार करतं: "काका, 230 भागिले 3, शहात्तर अँपिअर! केबल जळंल की." मोटार चालवून क्लॅम्प मीटर लावला की सात अँपिअर दिसतात. मग त्याला वाटतं मीटर बिघडला.

मोटार म्हणजे नुसती तार नव्हे. एसी दाबाखाली वाइंडिंगचं चुंबकत्व करंटला अडवतं, आणि रोटर फिरू लागला की मोटार लाइनीच्या विरुद्ध स्वतःचा दाब उभा करते. त्या दोन्हींमुळं करंट सातावर थांबतो. वॅटचंही तसंच. 230 गुणिले 7 केलं तर 1610 येतात, पण वॅटमीटर दाखवतो साडेअकराशेच्या आसपास. मधला फरक पॉवर फॅक्टरचा. त्यातून शाफ्टवर मिळतो एक एचपी, म्हणजे 746 वॅट. उरलेले चारशे आत उष्णता होऊन जातात. मल्टिमीटरनं मोजलेले तीन ओहम करंट किती येणार ते सांगत नाहीत. आलेला करंट तारेला किती तापवणार, ते मात्र तेच सांगतात. सातचा वर्ग 49, गुणिले 3, दीडशे वॅटच्या आत. एवढी उष्णता मोटारीचा पंखा आणि बॉडी सहज बाहेर टाकतात.

आता पंपात खडा अडकला, बेअरिंग धरलं, रोटर फिरेना. विरुद्ध दाब नाहीसा झाला. करंट पाचपट, पस्तीस अँपिअर. उष्णता पाचपट होत नाही, पंचवीसपट होते: 35 चा वर्ग गुणिले 3, छत्तीसशे वॅटच्या वर. त्याच तीन ओहमच्या वाइंडिंगमध्ये जवळपास दोन गीझरांएवढी उष्णता कोंडली आणि पंखाही बंद. काही मिनिटांत वार्निश जळण्याचा वास सुटतो. तो वास आमच्या धंद्यातल्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी कळतो. जूल नावाच्या इंग्रज माणसानं 1840-41 च्या सुमारास पाण्यात तार बुडवून हा वर्गाचा हिशेब मांडला. मोटारी का जळतात हे शेतकऱ्याला सांगताना मी ओहमपेक्षा जूलच जास्त वापरतो.

या हिशेबाची खरी परीक्षा शेतात होते. एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पाच एचपीची मोटार, आणि दर हंगामात वाइंडिंग जळलेलं. वेगवेगळ्या दुकानांतून भरून झालं होतं. कुणी तांब्याला दोष दिला, कुणी कंपनीला, कुणी डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला. मी म्हटलं, मोटार इथं आणू नका, मीच येतो.

मीटरची पेटी आणि स्टार्टर रस्त्याकडेला, विहीर सहाशे मीटर आत. मधे जमिनीतून नेलेली अॅल्युमिनियमची केबल, चार चौरस मिलिमीटरची. अण्णांनी आधीच दोन्ही टोकांना मोजून ठेवलं होतं, त्यामुळं ते ठाम होते. "मिस्त्री, हिकडं चारशे, तिकडं बी चारशे. केबलीत काय दोष न्हाई."

"अण्णा, मोजलं तेव्हा मोटार चालू होती का?"

"चालू मोटारीत कोण हात घालंल?"

मुद्दा तिथंच होता. मोटार बंद असताना केबलीतून करंट जात नाही. करंट शून्य, म्हणजे केबलीच्या रेझिस्टन्समध्ये खर्च होणारा दाबही शून्य. केबल केसाएवढी बारीक असली तरी दुसऱ्या टोकाला चारशेच दिसणार. मी मोटार चालू करायला लावली. रस्त्याच्या टोकाला 400, फेजमध्ये दहा अँपिअर. विहिरीच्या टोकाला 340. साठ व्होल्ट वाटेत गेले. मोटार चालताना मोजल्याशिवाय ते दिसायचेच नाहीत.

मग वाळूवर काडीनं हिशेब मांडला. या जाडीच्या अॅल्युमिनियमला किलोमीटरला साडेसात ओहमच्या जरा आत रेझिस्टन्स असतो. सहाशे मीटरला एका कोअरचे साडेचारच्या आसपास. दहा अँपिअरला प्रत्येक कोअर चव्वेचाळीस-पंचेचाळीस व्होल्ट खाते. तीन फेजचा आणि पॉवर फॅक्टरचा हिशेब धरला की फेज ते फेज साठेक होतात. मीटरनं दाखवले तेवढेच. आता वॅट. दहाचा वर्ग शंभर, गुणिले 4.4, गुणिले तीन कोअर: 1320 वॅट. पावणेदोन एचपी जमिनीत मुरत होता.

अण्णा काडीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे बारक्या पायपातनं लई पाणी ढकलल्यागत. जोर सगळा पायपालाच."

"अगदी तसंच."

"पर मग मोटार का जळती? तिला तर कमीच मिळालं की."

हा प्रश्न फार जणांना पडतो, आणि गीझरवर विचार पक्का झालेल्याला जास्तच पडतो. गीझरला दाब कमी मिळाला तर तो कमी काम करून गप्प बसतो. मोटारीवर पंप बसलेला असतो. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं, म्हणजे वॅट जवळपास तेवढेच लागणार. व्होल्ट कमी आले की ती करंट जास्त ओढते. पुऱ्या 415 व्होल्टला जी मोटार आठ अँपिअर घेईल, ती 340 ला दहाच्या जवळ जाते. करंट सव्वापट, आणि वर्गाच्या नियमानं वाइंडिंगची उष्णता दीडपटीहून जास्त. त्यात वाढलेला करंट केबलीत आणखी दाब खातो, म्हणून मोटारीला आणखी कमी पोचतं. मोटार वाचवायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. पण रात्रीच्या पाळीत तो सारखा ट्रिप होतो म्हणून अण्णांच्या गड्यानं त्याचं सेटिंग शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. थंडीत दोन वाजता उठून विहिरीवर जाणाऱ्या गड्याला मी काय बोलणार?

अण्णांनी सोळा चौरस मिलिमीटरची केबल टाकली. खर्च मोटार भरण्याच्या कितीतरी पट, म्हणून घरात वाद झाला असं कानावर आलं. नंतर चालू मोटारीवर मोजलं तेव्हा विहिरीवर 386 व्होल्ट होते आणि करंट साडेआठच्या आत. केबलीतला तोटा 1320 वरून अडीचशे वॅटच्या घरात आला. शेतीला थ्री फेज आठ तास धरले, तर रोजचे आठ-साडेआठ युनिट वाचले. अर्थात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून राज्य सरकारनं वीज मोफत केलीय, त्यामुळं हा तोटा कुणाच्या बिलात दिसत नाही. तो डीपीवर पडतो, शेजारच्या मोटारीवर पडतो आणि आपल्या वाइंडिंगवर पडतो.

शेजाऱ्याचंही यात येतं. लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेत. मध्यरात्री फीडर चालू झाला की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटार पाच-सहापट करंट ओढते, डीपीचा आणि लाइनीचा स्वतःचा रेझिस्टन्स असतोच, दाब कोसळतो. कोसळलेल्या दाबावर मोटारींना वेग घेता येत नाही, म्हणून तो मोठा करंट लवकर खाली येत नाही. फ्यूज उडतो किंवा डीपी जळतो, आणि आठवडाभर सगळेच कोरडे. ऑटो स्विचबरोबर थोडा वेळ थांबून मोटार उठवणारा टायमर लावला आणि प्रत्येकानं तो वेगवेगळ्या वेळेवर ठेवला, तर हे टळतं. पण त्यासाठी शेजारी शेजाऱ्याशी बोलावा लागतो, आणि ते मीटरनं होत नाही.

फार लहान रेझिस्टन्स मोजायचा असला की मल्टिमीटर कामाचा राहत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच पाव ओहम होतो. मोठ्या, तीस-चाळीस एचपीच्या मोटारीच्या एका फेजचा रेझिस्टन्स त्याहून कमी असू शकतो. तिथं माझ्या वस्तादांनी, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, शिकवलेली रीत मी आजही वापरतो. बाराची बॅटरी, गाडीचा हेडलाइट बल्ब आणि वाइंडिंगचा एक फेज, तिन्ही सिरीजमध्ये. बल्ब करंटला आवरून धरतो, चारेक अँपिअर वाहतात. करंट मीटरवर बघायचा आणि व्होल्टमीटरच्या दोन सुया थेट वाइंडिंगच्या टोकांवर टेकवायच्या, बॅटरीच्या क्लिपांवर नव्हे. दोन फेजना 0.84 व्होल्ट आले आणि तिसऱ्याला 0.78, करंट तोच चार, तर पहिले दोन 0.21 ओहमचे आणि तिसरा 0.195 चा. तिसऱ्यात काही वेढे आतल्या आत चिकटलेत. मोटार बाहेरून चकचकीत असो, मेगर कितीही छान दाखवो, ती उघडावी लागणार. मेगर तांब्यापासून बॉडीपर्यंतचं इन्सुलेशन बघतो, शेजारशेजारच्या वेढ्यांचं भांडण त्याला कळत नाही.

या कामात वस्तादांचा एक दंडक होता. आधी व्होल्टमीटर काढायचा, मग बॅटरी सोडवायची. उलट केलं तर करंट तुटताक्षणी वाइंडिंग मोठा झटका देतं आणि नाजूक मीटर जातो. त्यांना ते पुस्तकातून कळलं नव्हतं. पण दुकानातला एकही मीटर त्यांनी त्या कारणानं जाऊ दिला नाही.

वस्तादांकडूनच आणखी एक युक्ती शिकलो. मोटार आतून किती तापते ते बॉडीला हात लावून कळत नाही. पण तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. सकाळी तीस अंशांना गार वाइंडिंग 4 ओहम असलं आणि तासभर भारावर चालवून बंद केल्याबरोबर 4.9 भरलं, तर आतलं तांबं सरासरी नव्वद अंशांवर आहे. बी वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा 130 अंश, म्हणजे मोटार ठीक आहे. तेच साडेपाच ओहमच्या वर गेलं तर मर्यादा ओलांडली. मात्र "बंद केल्याबरोबर" हे शब्द महत्त्वाचे. चहा पिऊन मोजलं तर गार झालेल्या तांब्याचा आकडा मिळणार.

घरातल्या वायरिंगमध्ये हाच छोटा रेझिस्टन्स आग लावतो. शेजारच्या मावशी एकदा इस्त्रीचा वितळलेला प्लग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इस्त्री जास्त लाइट ओढते वाटतं." इस्त्री हजार वॅटची, साडेचार अँपिअरच्या आत. ती बरोबरच होती. पण त्याच सॉकेटवर मावशी सकाळी पाणी तापवायचा हीटरही लावत. सॉकेटच्या आतली पकड ढिली झालेली, स्पर्श काळवंडलेला. समजा तिथं अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला. दहा अँपिअर गेले की शंभर गुणिले अर्धा, पन्नास वॅट. माझ्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची आहे आणि ती शिसं वितळवते. त्याच्या दुप्पट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत. फ्यूज किंवा एमसीबी यात काही करत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित घटलाय. भार बंद करून सॉकेट तपासला तर टेस्टर लागतो, व्होल्ट पुरे दिसतात, सगळं ठीक वाटतं. हीटर चालू असताना सॉकेटवर आणि बोर्डावर व्होल्ट मोजले की पाच व्होल्टचा फरक हाती लागतो. मावशींना एवढं सांगायची गरज नव्हती. मी सोळा अँपिअरचा नवा सॉकेट बसवला आणि सांगितलं, प्लग हाताला गरम लागला की वापरू नका, मला हाक मारा.

आता एक हिशेब, जो कुणी करून बघू नये. शिकाऊ पोरं हमखास करतात. मल्टिमीटरच्या दोन सुया दोन हातांच्या चिमटीत धरतात. मीटर पाच लाख ओहम दाखवतो. 230 भागिले पाच लाख, अर्धा मिलिअँपिअरही नाही. "काका, मग शॉक कसा बसतो?" भागाकार इथंही बिनचूक आहे. पण मीटरच्या आत तीन नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी आहे, आणि चिमूट कोरडी आहे. कोरडी कातडी कमी दाबाला अडवते, 230 ला तसं अडवू शकत नाही. चिखलात उघड्या पायानं, ओल्या हातानं स्टार्टरच्या पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरतात. 230 भागिले 1000, म्हणजे 230 मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या निम्माही पुष्कळ झाला.

शॉकच्या या एकाच गोष्टीत चालू स्थितीत मोजून बघायची सोय नाही. म्हणून मोजण्याचं काम आधीच बसवलेल्या उपकरणाकडं द्यावं लागतं. घराच्या मेन बोर्डात आणि विहिरीवरच्या पेटीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला की ती लाइन तोडते. पेटीला, मोटारीला, गीझरला अर्थिंगची जाड तार द्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आरसीसीबीवर टेस्टचं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघा. लाइन तुटली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.